बाळाचा जेट लॅग

लांबच्या विमानप्रवासानंतर बाळाची झोप आणि भूक काही दिवस मागे सोडलेल्या गावाच्या वेळेनुसारच चालू राहते, त्या अवस्थेला बाळाचा जेट लॅग म्हणतात. लेक किंवा सून परदेशातून बाळाला घेऊन पुण्यात आली की ‘बाळाचे दिवस-रात्र उलटे झालेत’ असे घरोघरी म्हणतात, ते हेच. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातले सॅन होजे घ्या; ते १९९२ पासून पुण्याचे भगिनी-शहर आहे. हिवाळ्यात दोन्ही शहरांच्या वेळांत साडेतेरा तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेबारा. औंधमध्ये मध्यरात्रीचे दोन वाजलेले असतात, तेव्हा तिकडून आलेल्या बाळाच्या लेखी आदल्या दिवशीची दुपार असते. लंडनहून येणाऱ्या बाळाला साडेचार-साडेपाच तासच ओलांडायचे असल्याने त्याची घडी लवकर बसते.

झोपेचे घड्याळ मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील एका लहानशा पेशीसमूहात असते आणि ते डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर लावले जाते. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते आणि शरीराला रात्र झाल्याचे कळते. पेशींतील हे घड्याळ कसे चालते, हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. जन्मतः हे घड्याळ लागलेले नसते. साधारण दोन ते चार महिन्यांत बाळाला दिवस-रात्र कळू लागते. म्हणून महिन्याभराच्या बाळाला जेट लॅगचा फारसा त्रास होत नाही, वर्षाच्या बाळाला मात्र होतो. अंगावरच्या दुधातही रात्री मेलाटोनिन असते, दिवसा जवळजवळ नसते. तेव्हा आईची झोप मार्गी लागणे बाळाच्याही कामाचे.

अमेरिकेला जाणारे पुणेकर बहुधा द्रुतगती मार्गाने मुंबई गाठतात आणि तिथली बरीच उड्डाणे मध्यरात्रीच्या आसपासची असतात. बाळाची झोप मोडायला गाडीतच सुरुवात होते. विमान चढताना आणि उतरताना बाळाला पाजत राहावे. गिळण्याने कानांतला दडा सुटतो. निघण्यापूर्वी आठवडाभर झोपेची वेळ थोडी थोडी सरकवण्याचा सल्ला चार-पाच तासांच्या फरकाला ठीक; बारा तासांसाठी ती खटपट करू नये.

खरी कसोटी परदेशातून पुण्याच्या घरी आल्यावर लागते. रात्री दोनला बाळ टक्क जागे होते, हसते, हात पसरते. आजी-आजोबा वर्षभर वाट पाहत असतात; हॉलमधली ट्यूब लागते, खुळखुळा निघतो, शेजारच्या खोलीतला मामाही उठून येतो. या प्रेमात गैर काहीच नाही, पण बाळाच्या मेंदूला तो भर दिवस वाटतो आणि उलटी रात्र आणखी लांबते. रात्री दिवा मंद असावा, बोलणे हळू. भूक लागली तर अंधारातच पाजावे आणि पुन्हा थोपटावे. सकाळी मात्र पडदे उघडून बाळाला गॅलरीत किंवा सोसायटीच्या बागेत न्यावे. दुपारची झोप दोन-अडीच तासांवर गेली तर हलकेच उठवावे. मालिश आणि आंघोळ रोज ठरल्या वेळी झाली तर उत्तमच. भेटायला येणाऱ्यांना पहिले चार दिवस संध्याकाळी लवकर यायला सांगावे, मग कोणी रुसले तरी चालेल.

बाळ झोपत नाही म्हटले की सहाण पुढे येते आणि जायफळाचे दोन वेढे जास्त उगाळले जातात. यामागे माया असते, तरी हे टाळावेच. जायफळ जास्त झाले तर विषारी ठरते, आणि उगाळताना मात्रा मोजता येत नाही. सर्दीचे गुंगी आणणारे औषध किंवा मेलाटोनिनच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, किंवा कुठल्याही बाळाची शू कमी झाली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा.

घड्याळ साधारणपणे दिवसाला तासाभराने सरकते, त्यामुळे अमेरिकेहून आलेल्या बाळाची रात्र जागेवर यायला दहा-बारा दिवस लागतात. तोवर आई-बाबांनी आळीपाळीने झोपावे. बाळाला छातीशी धरून सोफ्यावर डुलकी लागणे धोक्याचे आहे, त्यात बाळ गुदमरू शकते. डोळे मिटू लागले की बाळ आजीच्या हातात द्यावे किंवा पाळण्यात उताणे निजवावे.