मदतसंस्था एका सुरात बोलू लागल्या त्याची पार्श्वभूमी

युद्धग्रस्तांपर्यंत अन्न आणि औषधे नेणाऱ्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलेले जाहीरपणे सांगावे की काम चालू राहावे म्हणून मौन पाळावे, हा पेच मदतकार्याइतकाच जुना आहे. १८६३ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने गोपनीयतेचा मार्ग पत्करला. १४ ऑक्टोबर १९४२ रोजी जाहीर आवाहनाचा मसुदा समोर असतानाही ते न काढण्याचे तिने ठरवले आणि ज्यूंच्या संहाराच्या काळातील हे मौन पुढे तिलाच अपयश म्हणून मान्य करावे लागले.

नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्राच्या युद्धात (१९६७–७०) काम केलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांना हे मौन असह्य झाले. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेदसां सां फ्राँतिए’ (‘सीमारहित डॉक्टर’) या संघटनेमागे तो अनुभव होता. मात्र एकट्याने बोलण्याची किंमत या संघटनेला १९८५ मध्ये इथिओपियात मोजावी लागली. तिथल्या सरकारने चालवलेल्या सक्तीच्या स्थलांतरावर तिच्या फ्रेंच शाखेने टीका करताच तिची हकालपट्टी झाली, तर बहुतेक इतर संस्थांनी तिथे काम चालू ठेवले. टीकाकाराला बाजूला काढणे सरकारला इतके सोपे जाते, याचे कारण त्या सरकारच्या ताकदीइतकेच संस्थांमधल्या फुटीतही शोधावे लागते.

दरम्यान संस्थांना एकत्र आणणारी व्यासपीठे आकार घेत होती: जिनिव्हात १९६२ मध्ये ‘इक्वा’, अमेरिकेत १९८४ मध्ये ‘इंटरॲक्शन’. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९१ मध्ये संमत केलेल्या ४६/१८२ या ठरावातून मदतकार्याचा समन्वय साधणारी आंतरसंस्था स्थायी समिती निर्माण झाली आणि तिच्या बैठकांत या व्यासपीठांना जागा मिळाली.

एकत्र बोलण्याची खरी ताकद दिसली ती भूसुरुंगांच्या प्रश्नावर. १९९२ मध्ये ६ संस्थांनी मोहीम सुरू केली. पाच वर्षांत हजाराहून अधिक संस्था तिच्याशी जोडल्या गेल्या. १९९४ मध्ये रेड क्रॉसच्या समितीनेही आपला नेहमीचा संयम बाजूला ठेवून बंदीची उघड मागणी केली. डिसेंबर १९९७ मध्ये ओटावात १२२ देशांनी करारावर सह्या केल्या आणि त्याच वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक ही मोहीम व तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना विभागून मिळाले. मागणी एकच होती, संपूर्ण बंदीची, आणि तिच्यामागे पाय तुटलेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा व सुरुंग काढणाऱ्यांचा रोजचा अनुभव होता. शिवाय तिच्यात कोणत्याही एका सरकारला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नव्हते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

जिथे एखाद्या सरकारचेच नाव घ्यावे लागते, तिथे निवेदनाचा मसुदा हातोहात फिरता फिरता बोथट होतो, कारण प्रत्येक संस्थेला आपले परवाने आणि आपले स्थानिक कर्मचारी सांभाळायचे असतात. ही भीती निराधार नाही. मार्च २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढताच सुदानने १३ आंतरराष्ट्रीय संस्थांना देशाबाहेर काढले; न्यायालयाला माहिती पुरवल्याचा आरोप त्या संस्थांनी फेटाळला होता. तरीही मार्च २०१५ मध्ये २१ संस्थांनी एकत्र अहवाल काढून सीरियात मदत पोहोचवण्याबाबतच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावांची अंमलबजावणी फसल्याचे मांडले.

९ डिसेंबर २०२२ रोजी सुरक्षा परिषदेने २६६४ क्रमांकाच्या ठरावाने संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता गोठवणाऱ्या निर्बंधांतून मदतकार्याला सूट दिली. त्यासाठी संस्थांचा पाठपुरावा अनेक वर्षे चालला होता. त्यानंतर पंधरवड्यातच, २४ डिसेंबरला, तालिबानने संस्थांमधील अफगाण महिलांना कामावर येण्यास मनाई केली. दुसऱ्या दिवशी ‘सेव्ह द चिल्ड्रन’, ‘नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल’ आणि ‘केअर’ यांनी संयुक्त निवेदन काढून काम थांबवले. काही आठवड्यांनी आरोग्यासारख्या क्षेत्रांत, महिलांना काम करू देण्याची आश्वासने मिळवून, काही कामे पुन्हा सुरू झाली. बंदी मात्र उठली नाही आणि एप्रिल २०२३ मध्ये ती संयुक्त राष्ट्रांच्या अफगाण महिला कर्मचाऱ्यांनाही लागू करण्यात आली.