जुन्या गाळ्यात बँकेची शाखा करायचीय? आधी मंजूर नकाशा बाहेर काढा

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, घोडबंदर रोडला गाळा असलेले बरेच जण विचारतात, बँक भाड्याने घ्यायला तयार आहे, परवानग्या काय लागतात? सगळ्यात आधी मंजूर नकाशा आणि ओसी (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला भोगवटा दाखला) हातात घ्या, आणि गाळ्यात उभं राहून भिंत न् भिंत जुळवून बघा. नकाशात गाळा कमर्शियल असेल तर निम्मं काम झालं, रहिवासी असेल तर आर्किटेक्टमार्फत महापालिकेच्या शहर विकास विभागाकडे वापर बदलाचा अर्ज करावा लागतो, एमआरटीपी कायदा 1966 (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) च्या कलम 44 खाली. नवी मुंबईत एमआयडीसीच्या हद्दीत असाल तर मात्र अर्ज एमआयडीसीकडेच जातो.

आमच्या एका कामात पोटमाळा नकाशातच नव्हता. मालक म्हणाले वीस वर्षं आहे, कोणी काही बोललं नाही. पण बँकेच्या वकिलांनी तिथेच बोट ठेवलं आणि तो तोडून, साफ करून करार होईपर्यंत चार महिन्यांचं भाडं गेलं, फार वाईट वाटलं.

फ्लोअरिंग, पार्टिशन, फॉल्स सीलिंग अशा फक्त आतल्या कामांना त्याच कायद्याच्या कलम 43 मध्ये परवानगीतून सूट आहे. बीम, कॉलम, स्लॅबला हात लावणार असाल तर परवानगीशिवाय हातोडा उचलू नका. खरा प्रश्न स्ट्राँगरूमचा, म्हणजे रोकड आणि लॉकर ठेवायच्या भक्कम खोलीचा. एक फूट जाडीच्या आरसीसी भिंतीचं वजन चौरस मीटरला साधारण साडेसातशे किलो भरतं, वर दरवाजा आणि लॉकरची कपाटं, म्हणून खाली बेसमेंट असेल किंवा शाखा पहिल्या मजल्यावर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट आल्याशिवाय लेआउट फायनल करूच नका. बिल्डिंग तीस वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट तसंही सक्तीचं आहे.

फाइलमध्ये ओसी, मंजूर नकाशा, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), मालमत्ता कराची चालू पावती, सोसायटीची एनओसी आणि नोंदणी केलेला भाडेकरार ठेवा. फायरचं काम लायसन्स असलेल्या एजन्सीकडूनच करून फॉर्म ए (यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचा दाखला) घ्या, पुढे दर जानेवारी आणि जुलैला फॉर्म बी (ती चालू स्थितीत असल्याचा दाखला). वीज लोड वाढीचा अर्ज महावितरणकडे पहिल्याच आठवड्यात टाका, एसी आणि सर्व्हर आल्यावर जुना मीटर पुरत नाही.

रिझर्व्ह बँकेची परवानगी हा विषय बँकेचा, 2017 पासून शेड्युल्ड कमर्शियल बँकांना प्रत्येक शाखेसाठी वेगळी सहसा लागत नाही, नागरी सहकारी बँकेचे नियम वेगळे आहेत. लॉकर असतील तर स्ट्राँगरूमच्या येण्याजाण्याचं सीसीटीव्ही फुटेज किमान 180 दिवस ठेवावं लागतं, त्या रेकॉर्डरला जागा आधीच सोडा.

आणि रॅम्प विसरू नका, प्लीज. उतार 1:12 लागतो, म्हणजे दीड फूट जोत्याला अठरा फूट लांबी, आणि फुटपाथवर एक इंचही जाता येत नाही. व्हीलचेअरवरच्या आजोबांना पेन्शनसाठी बाहेर ताटकळत बसलेलं मी पाहिलंय, त्यामुळे आता टेप घेऊन गेलो की पहिलं माप दारातल्या पायरीचं घेतो.