श्रद्धा-नूतनीकरण, प्रायश्चित्तकाळातील

ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात (लेंट) बाप्तिस्म्याची वचने स्मरून देवावरील विश्वास नव्याने स्वीकारण्याची ख्रिस्ती परंपरा. पाश्चात्त्य मंडळ्यांत हा काळ राखेच्या बुधवारी (कपाळावर राख लावण्याच्या दिवशी) सुरू होतो, ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत सोमवारी, तर मिलानच्या अँब्रोसियन विधीत रविवारी. उपवास, प्रार्थना व दानधर्म ही त्याची अंगे सर्वपरिचित आहेत.

हा काळ चाळीस दिवसांचा मानतात; त्या चाळीस दिवसांचा उगम वादग्रस्त आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बिशप इरेनियसने रोमचा बिशप व्हिक्टर याला लिहिलेल्या पत्रातील उतारा चर्च-इतिहासकार युसिबियसने जतन केला आहे. त्यानुसार कोणी एक दिवस उपवास करी, कोणी दोन, कोणी अधिक; ‘चाळीस’ हा आकडा तेथे येतो तो तासांचा, आणि त्या वाक्यात विराम कोठे घ्यावा यावरही मतभेद आहेत. बिशपांच्या नायसिया परिषदेच्या (३२५) पाचव्या नियमात ‘चाळीस दिवसां’चा उल्लेख आहे, पण ओघात : बिशपांच्या दोन वार्षिक सभांपैकी एक त्यापूर्वी घ्यावी, एवढेच तो सांगतो. अलेक्झांड्रियाचा बिशप अथॅनेशियस याच्या आरंभीच्या ईस्टरपत्रांत (ईस्टरनिमित्त मंडळ्यांना पाठवलेल्या पत्रांत) सहाच दिवसांचा उपवास आढळतो. चाळीस दिवस ३३० नंतरच्या पत्रांत येतात.

ईस्टरपूर्वीचा लहान उपवासच लांबत जाऊन चाळीस दिवसांचा झाला, हे जुने मत. उपासना-इतिहासाचे अभ्यासक टॉमस टॅली यांनी १९८६ मध्ये दुसरा पक्ष सविस्तर मांडला : अलेक्झांड्रियात येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर, त्याच्या अरण्यवासाला अनुसरून, चाळीस दिवसांचा उपवास होता व तो पुढे ईस्टरआधी सरकला. या मताचे बरेचसे आधार मध्ययुगीन कॉप्टिक (ईजिप्ती ख्रिस्ती) ग्रंथांतले असल्याने ते पूर्णपणे स्वीकारणे कठीण; मात्र एकाच उगमाऐवजी अनेक स्थानिक प्रथा नायसियानंतर एकत्र आल्या, ही अलीकडची मांडणी अधिक ग्राह्य दिसते. रोममध्ये रविवार वगळता सहा आठवड्यांचे ३६ दिवस भरत आणि पोप पहिला ग्रेगरी त्यांना वर्षाचा दशमांश म्हणतो. उरलेले चार दिवस बहुधा सातव्या शतकात जोडले गेले.

श्रद्धेच्या दृष्टीने चौथ्या शतकातील जेरूसलेमची पद्धत महत्त्वाची. तेथे गेलेली यात्रेकरू इजेरिया (बहुधा ३८० च्या दशकात) लिहिते, की दीक्षार्थींची (बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांची) नावे प्रथम नोंदली जात आणि बिशप त्यांना रोज तीन तास शिकवी. पाच आठवडे शास्त्रपाठ झाले, की विश्वासांगीकार (श्रद्धा सांगणारा ठरलेला मजकूर) सांगितला जाई. पुढे प्रत्येकाने तो बिशपसमोर येऊन म्हणून दाखवायचा. जेरूसलेमचा बिशप सिरिल याच्या नावावरील प्रवचनांनुसार (काही विद्वान ती त्याचा उत्तराधिकारी योहान याची मानतात) दीक्षार्थी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाचा त्याग करी, मग पूर्वेकडे वळून श्रद्धा प्रकट करी. दीक्षा एकदाच मिळे, पण आधीच दीक्षित झालेले लोकही शिकवणीला बसत, हे इजेरिया मुद्दाम नोंदवते.

शिशुबाप्तिस्मा रूढ झाल्यावर ही तयारी निस्तेज झाली आणि पापक्षालन पुढे आले. राख लावण्याची प्रथा बेनेव्हेन्तोच्या धर्मसभेने (१०९१) सर्वांसाठी ठरवली, असे सामान्यतः मानतात. बाप्तिस्म्याकडे पुन्हा लक्ष गेले ते विसाव्या शतकात. पोप बाराव्या पायसच्या काळात ईस्टर-जागरणाच्या (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेच्या) सुधारित विधीत (१९५१, प्रायोगिक) उपस्थितांनी मेणबत्त्या हाती घेऊन वचनांचे नूतनीकरण करण्याची तरतूद झाली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने (१९६३, परिच्छेद १०९) बाप्तिस्मा व प्रायश्चित्त या दोन्ही अंगांना स्थान दिले. राख लावताना ‘तू माती आहेस’ या वचनाला ‘पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा’ (मार्क १:१५) हा पर्याय आला, तो या परिषदेनंतरचाच.

देवावर भिस्त ठेवण्याचा विषय पहिल्या रविवारच्या पाठांत ठळक दिसतो. जुन्या रोमन विधीत त्या दिवशी बायबलमधील ९१ वे स्तोत्र जवळजवळ संपूर्ण गायले जाई. ‘तो तुझ्याविषयी आपल्या दूतांना आज्ञा देईल’ हे त्यातलेच वचन शुभवर्तमानात सैतान उद्धृत करतो, आणि येशू बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथातून (६:१६) उत्तर देतो : परमेश्वराची परीक्षा पाहू नको. अभय मागणे आणि अभयाची खात्री करून घेणे यांतला फरक या एकाच उपासनेत असा समोरासमोर येतो.

प्रॉटेस्टंटांपैकी ल्यूथरन व अँग्लिकन मंडळ्यांनी हा काळ राखला. झुरिकमध्ये मात्र १५२२ मध्ये उपवासभंगावरूनच धर्मसुधारक झ्विंग्लीच्या सुधारणेला तोंड फुटले. ऑर्थोडॉक्स परंपरेत पहिल्या रविवारी प्रतिमापूजेच्या पुनःस्थापनेचे (८४३) स्मरण होते व मंडळीची श्रद्धा सामुदायिकरीत्या घोषित केली जाते.