मिसिंग (पेट्रोल गाडीतलं)

मिसिंग : पेट्रोल गाडी उभी असताना इंजिन एकसारखं न चालता थरथरणं, आरपीएमचा काटा नाचणं आणि शेवटी सिग्नलला क्लच दाबला की गाडी बंद पडणं, या सगळ्याला गॅरेजात हा एकच शब्द चालतो. काटेकोर बोलायचं तर मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमधला जाळ हुकणं. काटा ठरावीक लयीत वर-खाली होत असेल तर ते हंटिंग, आणि ते बहुतेकदा हवेचं दुखणं असतं, ठिणगीचं नाही. पुढचं सगळं निदान याच फरकावर उभं असल्यामुळे या नोंदीत तो पाळलाय.

बिघाड आयडलिंगलाच (इंजिन चालू, पण रेस न दिलेली) का दिसतो याचं कारण सोपं आहे. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ बंद, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं, त्यात आधीच्या फेरीतला जळका धूर बराच उरलेला आणि फ्लायव्हीलला वेगही नाही. ८०० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात २०. म्हणजे मारुती ८०० मध्ये एक प्लग मेला तर तिसरा हिस्सा ताकद गेली, रेस दिली की तेच दुखणं झाकलं जातं आणि मालकाला वाटतं गाडी सुधारली.

या दुखण्याचा इतिहास म्हणजे खरं तर कार्ब्युरेटरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, इतिहास, आणि तिथे मान कोणाला द्यायचा यावर एकमत नाही. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ मिसळायची पद्धत होती. बारीक नळीतून पेट्रोल फवारायची पद्धत जर्मन पुस्तकं विल्हेल्म मायबाखच्या नावावर मांडतात, त्याचं पेटंट ऑगस्ट १८९३ चं. हंगेरियन लेखक म्हणतात की बुडापेस्टच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे सहा महिने आधी, पेटंट घेतलं होतं, आणि फुलं विकणारी मुलगी नळीने फुलांवर पाणी फवारताना बघून त्यांना ते सुचलं अशी गोष्टही सांगतात. गोष्ट छान आहे, पण पेटंटांच्या बाबतीत अशा गोष्टी नंतर चिकटतात. इंग्लंडच्या एडवर्ड बटलरने १८८० च्या दशकाच्या शेवटी आपल्या तीनचाकी पेट्रोल सायकलवर फवाऱ्याचाच कार्ब्युरेटर लावला होता, ते धरलं तर दोन्ही दावे मागे पडतात. कागदावरची तारीखच बघायची तर पेटंटात हंगेरियन बाजू पुढे ठरते, कल्पना मात्र एकाच वेळी बऱ्याच डोक्यांत असावी असंच वाटतं.

आयडलिंगच्या दृष्टीने या वादापेक्षा महत्त्वाची एक दुसरी गोष्ट आहे, ती म्हणजे एकाच जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाचा) दोष. इंजिनची हवेची ओढ वाढली की मिश्रण गाढं होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त, ओढ कमी झाली की पातळ, त्यामुळे एका वेगाला जुळवलेली गाडी दुसऱ्या वेगाला बिघडणारच. फ्रान्सच्या फ्रांस्वा बावेरेने साधारण १९०६ च्या सुमारास भरपाईचा दुसरा जेट जोडून यावर उपाय काढला, झेनिथ कार्ब्युरेटर तो हाच. थ्रॉटल बंद असताना त्याच्या कडेच्या भोकातून पेट्रोल देणारी वेगळी वाट, म्हणजे आपल्याकडचा स्लो जेट, ही याच विचाराची पुढची पायरी. या जेटचं भोक मिलिमीटरच्याही निम्म्याहून कमी असतं, टाकीतल्या गंजाचा एक कण तिथे पुरतो.

प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काळात, म्हणजे १९७० च्या दशकापासून साधारण २००० पर्यंत, मुंबईतल्या मेकॅनिकचं निम्मं काम या जेटला फुंकर मारण्याचंच होतं असं म्हटलं तरी चालेल. उरलेलं काम डिस्ट्रिब्युटरमध्ये (ठिणगीची वीज एकेका सिलिंडरला वाटणारा भाग): जळलेले पॉइंट, मेलेला कंडेन्सर, पावसात कॅपच्या आत धरलेला ओलावा (कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसली की गाडी चालू). उन्हाळ्यात घाट चढताना बंद पडायचं कारण वेगळंच, पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असल्यामुळे तापून आत वाफ धरायची. त्यावर ओला फडका हा उपाय हास्यास्पद वाटतो पण तो शास्त्रशुद्ध आहे. महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवा विरळ म्हणून मिश्रण आपोआप गाढं व्हायचं आणि खाली जुळवलेली गाडी वर भकभक करायची, तिथे मिश्रणाचा स्क्रू फिरवला की उतरल्यावर परत फिरवायचा.

कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारायच्या पद्धतीने, म्हणजे इंजेक्शनने, ही सगळी कारणं बदलली. १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक यंत्रणा फोक्सवॅगन १६०० वर आली, १९७६ मध्ये व्होल्व्होने लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) लावला, भारतात मात्र सर्वसामान्य गाडीत एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) १९९९-२००० च्या प्रदूषण नियमांबरोबर शिरलं. आता १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे वजनाचं प्रमाण ईसीएम (इंजिनचा संगणक) स्वतः सांभाळतो, मिश्रणाचा स्क्रू फिरवायला उरलाच नाही, आणि तरीही जुन्या सवयीने थ्रॉटलचा स्टॉपर स्क्रू फिरवून आरपीएम वाढवून देणारे मेकॅनिक भेटतात. त्याने दुखणं झाकतं आणि ईसीएमचा हिशोब चुकतो, म्हणून हे करू नये.

निदानाला पहिला प्रश्न 'कधी' हा. सकाळी थंड असताना बंद पडते, गरम झाल्यावर ठीक : टेम्परेचर सेन्सर किंवा आयडल व्हॉल्व्ह बघा, कार्ब्युरेटर असेल तर चोक. एसी लावल्यावरच मान टाकते : थ्रॉटल बॉडीत काजळी, ही भारतातल्या गाड्यांत फार सापडते. चालताना तापली की अचानक बंद, पंधरा-वीस मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी चालू : क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचं फिरणं मोजणारा) किंवा इग्निशन कॉइल, आणि थंड झाल्यावर तपासलं तर दोन्ही निर्दोष दिसतात, त्यामुळे गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच, स्टार्टर मारून ठिणगी आहे का ते बघावं लागतं. टाकी फुल केल्यावर लगेच त्रास : कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ धरणाऱ्या डब्याचा) पर्ज व्हॉल्व्ह उघडाच राहिलाय.

सतत मिसिंग असेल तर एकेका सिलिंडरचा इंजेक्टर कनेक्टर काढून ऐकायचं, ज्याचा काढल्यावर आवाजात फरकच पडत नाही तो सिलिंडर मेलेला. जुन्या गाडीत हेच काम प्लगची वायर काढून करायचे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) असलेल्या गाडीत तसं करू नये, न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर वितळतो. मग त्या सिलिंडरचा प्लग बघायचा: कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण गाढं, तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच नाही, चुन्यासारखा पांढरा म्हणजे मिश्रण पातळ. प्लग आणि कॉइल शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करून दुखणं सोबत गेलं का बघणं ही बिनपैशाची आणि सगळ्यात भरवशाची परीक्षा आहे. नाही गेलं तर इंजेक्टर, टॅपेट, शेवटी कॉम्प्रेशन.

हवा कुठून चोरते आहे हे शोधायला मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीच्या) पॅकिंगवर आणि रबरी नळ्यांवर कार्ब क्लीनर मारून आरपीएम बदलतो का बघतात, गरम एक्झॉस्टजवळ हे पेट घेऊ शकतं हे मात्र कोणी सांगत नाही. स्कॅनर असेल तर जास्त चांगलं. आयडलला फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोलमध्ये करत असलेली वाढ) दहा टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर हवेची गळती जवळपास नक्की, दोन्हीकडे जास्तच राहत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे पंप किंवा फिल्टर. पी०३०० हा कोड इकडे-तिकडे होणाऱ्या मिसिंगचा, पी०३०१ ते पी०३०४ ठरावीक सिलिंडरचे, पी०५०५ आयडल नियंत्रणाचा. कोड म्हणजे पत्ता, गुन्हेगार नव्हे, पी०३०२ आला म्हणून दुसऱ्या नंबरची कॉइल विकत घेऊ नये.

थ्रॉटल बॉडी साफ करताना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नये, गिअर तुटतो. साफ केल्यावर आरपीएम काही काळ जास्त राहतो, ईसीएमला आयडल नव्याने शिकवावं लागतं.

ई२० पेट्रोलचा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) प्रश्न सध्या जोरात आहे. इथेनॉलला जळायला दर भागाला नऊच भाग हवा लागते, त्यामुळे लॅम्डा सेन्सर असलेली गाडी पेट्रोल वाढवून जुळवून घेते, कार्ब्युरेटरवाली घेऊ शकत नाही आणि मिश्रण पातळ पडून थंडीत आयडल डळमळतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ते टाकीच्या तळाशी वेगळं होतं. सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर गाडी ठणठणीत, असं असेल तर आधी प्लग बदला, गॅसला ठिणगीचा दाब (व्होल्टेज) जास्त लागतो आणि प्लगची गॅप थोडी जरी वाढलेली असली तरी ती तिथेच उघडी पडते.

तीन सिलिंडरचं इंजिन थोडं थरथरतंच. कॅबिन हादरतंय पण एक्झॉस्टचा आवाज एकसारखा आहे, तर ते मिसिंग नव्हे, इंजिनचं माउंटिंग बसलंय.