फुगाझी

फुगाझी हा अमेरिकेच्या राजधानीत, म्हणजे वॉशिंग्टन डी. सी. येथे उदयास आलेला आणि पंक (वेगवान, बंडखोर वळणाचे रॉक संगीत) परंपरेत वाढलेला, बड्या कंपन्यांपासून स्वतंत्र असलेला रॉक बँड होय. इयन मकाय व गाय पिचिओटो (गायन व गिटार), जो लॅली (बेस गिटार) आणि ब्रेंडन कँटी (ड्रम्स) हे त्याचे चार सदस्य. ३ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमधील विल्सन सेंटरमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला आणि ४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या ‘फोरम’ या सभागृहात आजवरचा शेवटचा. या पंधरा वर्षांत त्यांनी अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत, तसेच युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका व जपान येथे मिळून १,००० हून अधिक कार्यक्रम केले. अल्बमांमुळे त्यांची कीर्ती पसरली हे खरे असले, तरी त्यांच्या कारकिर्दीचा कणा दौरे हाच होता.

मकाय हा आधी ‘मायनर थ्रेट’ या अतिवेगवान हार्डकोर पंक बँडचा गायक होता. पिचिओटो व कँटी ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’मधून आले. मकायने जेफ नेल्सनसोबत १९८० मध्ये उभारलेली ‘डिस्कॉर्ड’ ही छोटी रेकॉर्ड कंपनी फुगाझीला आयतीच मिळाली. ध्वनिमुद्रणाची मालकी, अल्बमची किंमत व प्रसिद्धीची रीत हे सर्व निर्णय त्यामुळे बँडच्याच हाती राहिले.

दौऱ्यांची व्यवस्था हा या बँडचा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग आहे. व्यवस्थापक नव्हता, कार्यक्रम मकाय स्वतः फोनवरून ठरवीत असे. तिकीट साधारणपणे ५ डॉलर ठेवले जाई आणि सर्व वयाच्या श्रोत्यांना प्रवेश असावा, ही अट असे. अमेरिकेत मद्यपानाचे कायदेशीर वय २१ असल्यामुळे दारू विकणाऱ्या क्लबांमध्ये अनेकदा तरुण श्रोत्यांना दारातूनच परत पाठवले जाई. म्हणून फुगाझीने चर्चची तळघरे, सामुदायिक सभागृहे आणि व्यायामशाळा अशा जागांचाही आधार घेतला. टी-शर्ट व इतर वस्तूंची विक्री त्यांनी केलीच नाही. एवढ्या कमी तिकिटात दौरा परवडावा म्हणून खर्चही तितकाच कमी ठेवावा लागे : सुरुवातीच्या काळात चौघे एका व्हॅनमधून सामानासह फिरत आणि ओळखीच्यांच्या घरी मुक्काम करीत. स्वस्त तिकिटाला पुष्कळदा केवळ तत्त्वनिष्ठेचे उदाहरण म्हणून गौरवले जाते, पण त्यामागे काटेकोर हिशेब होता आणि तो पंधरा वर्षे जुळला, ही गोष्ट अधिक मोलाची वाटते.

पंक कार्यक्रमांत एकमेकांवर आदळत नाचण्याची आणि मंचावरून गर्दीत उडी घेण्याची प्रथा रूढ होती. त्यात लहान मुले, मुली व अंगाने किरकोळ माणसे मागे ढकलली जातात, हे पाहून फुगाझी वादन मध्येच थांबवीत. मकाय दंगा करणाऱ्याशी मंचावरूनच बोले, आणि तो ऐकत नसेल तर तिकिटाचे ५ डॉलर पाकिटात घालून परत देऊन त्याला बाहेर काढले जाई. काही श्रोत्यांना हा उपदेश वाटला. तथापि रस्त्यावर स्त्रीला सोसाव्या लागणाऱ्या छळाबद्दल तिच्याच तोंडून बोलणारे ‘सजेशन’ हे गीत गाणाऱ्या बँडने आपल्याच सभागृहात दांडगाई चालू दिली असती, तर त्या गीताला काही अर्थ उरला नसता. वॉशिंग्टनमधील ‘पॉझिटिव्ह फोर्स’ या कार्यकर्त्यांच्या गटासोबत त्यांनी निधिसंकलनाचे अनेक कार्यक्रम केले. १९९० च्या डिसेंबरात ते लॉर्टन येथील तुरुंगात कैद्यांसमोर वाजवून आले, तर जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या विरोधात व्हाइट हाउससमोरील लाफायेट पार्कमध्ये त्यांनी उघड्यावर वादन केले.

त्यांच्या संगीतात हार्डकोरचा आवेश आहे, पण रेगे (जमैकातील संगीतप्रकार) व फंक (ठेकेदार अमेरिकी नृत्यसंगीत) यांच्या वळणाची बेस गिटारची लयही आहे. ‘वेटिंग रूम’ या गीताची ओळखीची सुरुवात लॅलीच्या बेसनेच होते. पहिल्या दोन लघुमुद्रिका (मोजक्या गीतांच्या ध्वनिमुद्रिका, ईपी) १९८९ मध्ये ‘थर्टीन साँग्ज’ या नावाने एकत्र आल्या. त्यांतील दुसरी, ‘मार्जिन वॉकर’, १९८८ च्या युरोप दौऱ्यानंतर लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाली. पिचिओटो प्रारंभी केवळ गात असे; ‘रिपीटर’ (१९९०) पासून त्याची गिटार आली आणि दोन गिटारींचा परस्परसंवाद ही बँडची ओळख बनली. ‘इन ऑन द किल टेकर’ (१९९३) हा अल्बम प्रथम शिकागोत ध्वनिमुद्रणकार स्टीव्ह अल्बिनीकडे मुद्रित झाला होता, पण तो मनासारखा न उतरल्याने बँडने व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथील ‘इनर इअर’ स्टुडिओत तो पुन्हा नव्याने केला. याच सुमारास ‘निर्वाणा’ या रॉक बँडच्या यशानंतर बड्या कंपन्या स्वतंत्र बँडांमागे लागल्या होत्या; फुगाझीने त्यांचे प्रस्ताव नाकारले. ‘रेड मेडिसिन’ (१९९५) आणि ‘एंड हिट्स’ (१९९८) यांत प्रयोगशीलता वाढत गेली. ‘दि आर्ग्युमेंट’ (२००१) हा अखेरचा अल्बम त्यांच्या सर्वोत्तम कामगिरीत गणावा लागतो. जेम कोहेन यांचा ‘इन्स्ट्रुमेंट’ (१९९९) हा चित्रपट दहा वर्षांहून अधिक काळ बँडसोबत राहून केलेल्या चित्रीकरणातून साकारला आहे.

२००३ पासून बँडने बेमुदत विश्रांती घेतली. विसर्जनाची घोषणा मात्र कधीच केली नाही. मकाय पुढे एमी फरीनासह ‘दि ईव्हन्स’मध्ये आणि लॅलीही सामील झाल्यावर ‘कोरिकी’मध्ये वाजवू लागला; लॅली व कँटी हे गिटारवादक अँथनी पिरोगसह ‘मेसथेटिक्स’ या वाद्यसंगीताच्या बँडमध्ये आहेत. दौऱ्यांत ध्वनितंत्रज्ञांनी जपून ठेवलेली शेकडो कार्यक्रमांची मुद्रणे डिसेंबर २०११ पासून डिस्कॉर्डने इंटरनेटवर उपलब्ध करून दिली. सुचवलेली किंमत तिथेही ५ डॉलरच ठेवली असून, त्याहून कमी किंवा जास्त देण्याची मुभा श्रोत्याला आहे.