अठ्ठावीस जणांची सरासरी ३.४७ येऊच शकत नाही

विद्यापीठ अनुदान आयोगाने 'केअर' यादी बंद केल्याची सूचना फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाली. कोणत्या संशोधन पत्रिकेतला पेपर बढतीसाठी धरायचा, हे त्या यादीवरून ठरायचं. आता पत्रिका पारखायचं काम विद्यापीठांवर आणि कॉलेजांवर आलं आहे. आयोगाने निकष सुचवलेत, पण ते सुचवलेलेच. त्यामुळे कोल्हापुरातल्या स्टाफरूममध्ये चहासोबत एकच प्रश्न फिरतो: आता बघायचं तरी काय? उत्तरही ठरलेलं. आयएसएसएन आहे, इम्पॅक्ट फॅक्टर आहे, प्लॅगॅरिझम (इतरांच्या मजकुराशी साम्य) आठ टक्के आलंय, मग अडचण कसली?

अडचण तिन्हींत आहे. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ स्थानांचा ओळख क्रमांक. ऊसशेतीचं मासिक काढलं तर त्यालाही तो मिळेल. आतला मजकूर वाचून कोणी तो देत नाही. गाडीच्या नंबरची बेरीज नऊ यावी म्हणून आरटीओत जादा पैसे भरणाऱ्यांना आपण हसतो, पण मुखपृष्ठावर आठ आकडे दिसले की पत्रिका 'मान्यताप्राप्त' समजणं ही त्याच जातीची श्रद्धा आहे. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते: आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले उल्लेख भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. 'ग्लोबल', 'इंटरनॅशनल', 'सायंटिफिक' अशी विशेषणं लावून त्याच नावाचे आकडे विकणारी दुकानं वेगळी. 'आज पेपर पाठवा, परवा सर्टिफिकेट घ्या' अशा व्हॉट्सअॅप जाहिरातींत दिसतात ते बहुधा हेच आकडे.

तिसरी गोष्ट जास्त घातक. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून दहाच्या आत आलं की पेपर स्वच्छ, असा समज पक्का झाला. पण साम्य शोधणारं सॉफ्टवेअर जुळवतं ते शब्द. घरी बसून मनाने लिहिलेले आकडे कुणाचेच चोरलेले नसतात, त्यामुळे त्यांचं साम्य शून्य येतं. शंभर टक्के बनावट सर्वेक्षण या चाळणीतून आरामात खाली उतरतं.

आकड्यांना मात्र त्यांची स्वतःची एक चाळणी आहे. निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या या तपासणीला 'ग्रिम' म्हणतात. तिला गुणाकार, भागाकार आणि पाठकोरा कागद एवढंच लागतं.

समजा, करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या २८ गुऱ्हाळमालकांना विचारलं: 'रसायनविरहित गुळाला मिळणाऱ्या दरावर तुम्ही किती समाधानी आहात?' उत्तर १ ते ५ मध्ये, पूर्णांकात. पेपरच्या तक्त्यात छापलंय: संख्या २८, सरासरी ३.४७. (उदाहरण रचलेलं आहे, कुठल्या पेपरवर रोख नाही.)

आता उलटं चला. प्रत्येक उत्तर पूर्णांक, म्हणजे २८ उत्तरांची बेरीजही पूर्णांकच. ३.४७ ला २८ ने गुणा: ९७.१६. याच्या दोन बाजूंचे पूर्णांक ९७ आणि ९८. ९७ भागिले २८ म्हणजे ३.४६४, दोन दशांशांत ३.४६. ९८ भागिले २८ म्हणजे बरोबर ३.५०. मधे काहीही नाही. २८ माणसं १ ते ५ मध्ये काहीही बोलली तरी सरासरी ३.४७ होत नाही.

३ ते ४ च्या दरम्यान दोन दशांशांच्या शंभर जागा असतात. २८ उत्तरदात्यांच्या सरासरीला त्यातल्या फक्त २८ जागा मोकळ्या, उरलेल्या ७२ बंद. मनाने ठोकून दिलेली सरासरी मोकळ्या जागी पडण्याची शक्यता २८ टक्के. तक्त्यात अशा आठ ओळी असतील, तर आठही सुटण्याची शक्यता लाखात चारच्या आसपास. खरा डेटा हाताळणाऱ्याला याची काळजीच नसते, कारण त्याची सरासरी भागाकारातूनच आलेली असते.

ब्राउन आणि हीदर्स यांनी मानसशास्त्रातले २६० लेख चाळले. त्यातले ७१ या पद्धतीने तपासता येण्याजोगे होते. त्यांपैकी ३६ लेखांत किमान एक सरासरी अशक्य निघाली. म्हणजे ३६ जण लबाड होते असं नाही. ते पुढे येतंच.

चाळणीचा दुसरा थर याहून देखणा आहे, फक्त इथे थोडं बीजगणित सोसावं लागेल. तक्त्यात सरासरीशेजारी प्रमाण विचलन असतं, म्हणजे उत्तरं सरासरीपासून किती विखुरली आहेत याचं माप. समजा, सरासरी सुधारून ३.४६ केली आणि विचलन ०.९४ छापलं. सरासरी ३.४६, तेव्हा बेरीज ९७. आता उत्तरांच्या वर्गांची बेरीज काढायची. नमुन्याच्या सूत्रात संख्येपेक्षा एकाने कमी, म्हणजे २७ ने भागतात, म्हणून वर्गांची बेरीज = २७ × विचलनाचा वर्ग + ९७ चा वर्ग भागिले २८. दुसरं पद ३३६.०४ येतं. छापलेलं ०.९४ हे प्रत्यक्षात ०.९३५ ते ०.९४५ मधलं काहीही असू शकतं, त्यामुळे पहिलं पद २३.६० ते २४.११. एकूण ३५९.६४ ते ३६०.१५. वर्गांची बेरीजही पूर्णांक हवी, म्हणजे ३६० हा एकच उमेदवार उरतो.

आणि तोही बाद. सम संख्येचा वर्ग सम, विषमाचा विषम. त्यामुळे उत्तरांची बेरीज विषम असेल तर त्यांच्या वर्गांची बेरीजही विषमच येते. बेरीज ९७, विषम. वर्गांची बेरीज ३६०, सम. ही जोडी जन्मालाच येऊ शकत नाही. विचलन ०.९२ असतं तर वर्गांची बेरीज ३५९ आली असती आणि हरकत घ्यायला जागा राहिली नसती. सम-विषमाचा पाचवीतला नियम संशोधनाची चौकशी लावतो, याचं नवल ज्याला वाटत नाही त्याला गणित आवडत नाही एवढंच म्हणता येईल.

आता सावधगिरी, कारण इथेच उतावळे घसरतात. वरचं ०.९४ अशक्य ठरलं ते २७ ने भागल्यावर. लेखकाने एक्सेलमध्ये नमुन्याऐवजी संपूर्ण समूहाचं सूत्र वापरलं असेल तर भाजक २८ होतो, वर्गांची बेरीज ३६१ येते, विषम, आणि सगळं जुळतं. ती चूक आहे, बनवाबनवी नव्हे. तसंच ३.४७ चं. प्रश्नावल्या ३० भरून घेतल्या, दोन अपुऱ्या म्हणून काढल्या, पण सरासरी तिसांचीच राहिली: १०४ भागिले ३० म्हणजे ३.४७. पेपर घाईत लिहिताना असं सर्रास होतं. पूर्णांकनाचीही भानगड असते. १२५ भागिले ४० म्हणजे ३.१२५, शाळेच्या नियमाने ३.१३, पण काही सॉफ्टवेअर जवळच्या सम अंकाकडे जातात आणि ३.१२ छापतात. दोन्ही मान्य करावं लागतं.

चाळणीला मर्यादा आहेत. उत्तरदाते शंभर किंवा जास्त असतील तर दोन दशांशांच्या सगळ्याच जागा मोकळ्या होतात आणि तपासणी बोथट पडते. पाच प्रश्नांचा मिळून एक गुणांक काढला असेल तर २८ गुणिले ५ म्हणजे १४० धरायचे, मग ३.४७ सहज बसतं (४८६ भागिले १४०). वजन, तापमान, गुळातला ओलावा अशी अपूर्णांकात मोजलेली राशी असेल तर ही पद्धत लावूच नये.

हे तपासायचं कुणी? समीक्षकाने, म्हणजे छापण्याआधी पेपर वाचणाऱ्या तज्ज्ञाने, असं वाटतं. पण समीक्षक बहुधा बिनपगारी असतो, त्याच्यापुढे मूळ डेटा नसतो, आणि तो पद्धत व निष्कर्ष वाचतो, तक्त्यातले भागाकार करत नाही. काही ठिकाणी तर समीक्षाच नसते. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम चुका पेरलेला पेपर ३०४ पत्रिकांना पाठवला. आलेख एक सांगत होता आणि मजकूर भलतंच, तरी १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला. म्हणून पत्रिकेची पारख नंबरावर नको. संपादक कच्चा डेटा मागतो का, चूक कळल्यावर दुरुस्ती छापतो का, मागे घेतलेला लेख 'मागे घेतला' असा शिक्का मारून आणि कारण देऊन जागेवर ठेवतो की गुपचूप उडवतो, हे बघावं. प्रकाशन नीतीसाठी १९९७ पासून काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेच्या मार्गदर्शनात यासाठी पायऱ्या दिल्या आहेत: आधी लेखकाकडे खुलासा आणि डेटा मागायचा, समाधान झालं नाही तर त्याच्या संस्थेला कळवायचं, चौकशी लांबली तर लेखावर शंका नोंदवायची, आणि निष्कर्षांवर विसंबता येत नाही असं ठरलं तर लेख मागे घ्यायचा. प्रामाणिक चुकीमुळेही लेख मागे घेतला जातो. मागे घेणं म्हणजे गुन्हा शाबीत होणं नाही.

अशक्य सरासरी सापडलीच तर संपादकाला लिहिताना 'बनावट', 'फसवणूक' हे शब्द पत्रात आणू नयेत. तक्ता क्रमांक, ओळ, उत्तरदात्यांची संख्या, छापलेली सरासरी आणि तिच्या खालची-वरची शक्य सरासरी (इथे ३.४६ आणि ३.५०) एवढं लिहावं. प्रश्न एकच की अनेकांचा गुणांक, किती प्रश्नावल्या बाद केल्या, विचलनाला भाजक कोणता, हे विचारावं. शेवटी उत्तरदात्यांची नावं काढलेली एक्सेल शीट मागावी. खरं सर्वेक्षण केलेल्याकडे ती असतेच, २८ ओळींची.