उष्ण समुद्राला वाळवंट कुणी ठरवलं?

1889च्या जुलैत जर्मनीतल्या कील बंदरातून ‘नॅशनल’ हे जहाज प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे बारीक जीव, मोजायला निघालं. मोहिमेचे प्रमुख होते व्हिक्टर हेन्सेन. उष्ण कटिबंधात जीवांची रेलचेल असणार, असा तेव्हा समज होता. जाळ्यात मात्र उत्तरेच्या थंड पाण्यापेक्षा कितीतरी कमी प्लवक आले. जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी तर मोजण्याच्या पद्धतीवरच कडाडून टीका केली.

हेन्सेन अगदीच चुकले नव्हते. उष्ण महासागरात उन्हानं तापलेलं हलकं पाणी खालच्या गार, जड पाण्यावर जवळजवळ वर्षभर पसरलेलं असतं आणि दोन्ही सहजी मिसळत नाहीत. वर प्रकाश आहे पण नायट्रेट, म्हणजे वाढीला लागणारं खत, संपलेलं. खाली नायट्रेट आहे पण अंधार. हवाईच्या उत्तरेला ‘अलोहा’ या ठिकाणी 1988पासून नियमित नोंदी होतात. तिथं हरितद्रव्य सर्वाधिक सापडतं ते 100 मीटरच्या खाली, अंधुक उजेडात. अर्थात हरितद्रव्य जास्त म्हणून जीवही जास्त, असं नाही. उजेड कमी पडला की पेशी हरितद्रव्य वाढवतात.

हेन्सेन फसले ते जाळ्यापायी. ते होतं गिरणीत पीठ चाळायच्या रेशमी कापडाचं. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हान्स लोमान यांनी पुढं समुद्रातल्या अपेंडिक्युलेरियन या प्राण्याचं चिकट गाळणं तपासलं, तर त्यात जाळ्यातून निसटणारे सूक्ष्मजीव अडकलेले! मग त्यांनी पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरागरा फिरवून कण तळाशी बसवणाऱ्या यंत्रात, फिरवलं आणि 1911मध्ये या जीवांना ‘नॅनोप्लँक्टन’ म्हटलं.

त्याहून बारीक जीव सापडायला 1980चं दशक उजाडलं. सागरशास्त्रज्ञ सॅली चिशोम, रॉब ओल्सन आणि सहकारी जहाजावर लेझरनं पेशी मोजत होते. एक क्षीण संकेत आधी यंत्राचा दोषच वाटला. पण खोलीबरोबर तो ठळक होत गेला. हाच प्रोक्लोरोकॉकस, प्रकाशावर अन्न बनवणारा जीवाणू, 1988मध्ये जाहीर झालेला. आकार जेमतेम 0.6 मायक्रोमीटर, आणि एका मिलिलिटरमध्ये लाखभर पेशी. 1998मध्ये कळलं की त्याचेही थरांप्रमाणे प्रकार आहेत: वर भर उन्हात वाढणारे वेगळे, खालच्या अंधुक उजेडातले वेगळे.

आपल्या अरबी समुद्रात हे थर वर्षभर टिकत नाहीत. मार्च ते मे पाणी शांत असताना हवेतला नायट्रोजन वापरू शकणारा ट्रायकोडेस्मियम हा जीवाणू पृष्ठभागावर पट्टे धरतो. जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की पाणी ढवळतं.